काळ्या टेकडीवर वरमाईचा मान

मुलाच्या सनीव्हेलच्या घरी खोकं आलं. त्यातून निघालं ते असं: घसरायची फळी एक, धुळीचे चष्मे चार, हातमोजे चार जोड. सगळं मिळून दोनशे चाळीस डॉलर. माणसं मात्र पाच. मुलगा निखिल, सून मुग्धा, नात रिया, मुग्धाची आई म्हणजे पुण्याच्या विहीणबाई, आणि मी. बाकीचे टेकडीवरून घसरणार आणि मी खाली पिशव्या सांभाळणार, हे मला न विचारताच ठरलं होतं.

पहाटे देवाला दिवा लावून निघालो. ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ म्हणजे दिवसभराचा गाडीप्रवास. बाहेर जेवायचं तर साठ डॉलर जातात, म्हणून मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. तुम्हीही न्या. रियाने मात्र विहीणबाईंचा केक खाल्ला, आणि रात्री मोटेलात झोपलीही त्यांच्याच कुशीत.

दुसऱ्या दिवशी टेकडी. विझलेल्या ज्वालामुखीची, सगळी काळी खडी. पाऊल टाकावं तर निम्मं मागे येतं. बूट घोट्याच्या वरपर्यंत हवेत. विहीणबाई ट्रॅकपँट घालून, नातीचा हात धरून पुढे. मी पिशव्या गाडीत ठेवल्या, पदर खोचला आणि मागोमाग चढले.

वर रियाने जाहीर केलं, पुणे आजी फर्स्ट. विहीणबाईंनी फळी मांडली आणि थांबल्या. आपला धुळीचा चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर चढवला.

"आधी मान वरमाईचा. बसा."

लग्नात पहिलं ताट मला वाढलं नाही म्हणून मी रुसले होते. ते त्या विसरल्या नव्हत्या. नाही म्हणावं तर मान जातो, हो म्हणावं तर मी. बसले.

"आई, मागे रेल. थांबायचं तर टाचा रोव," निखिल म्हणाला.

मारुतीस्तोत्र सुरू केलं. पत्र्यावर तांदूळ ओतावेत तसा आवाज झाला, आणि दुसऱ्या ओळीला मी खाली. तोंडभर खडी, पण धड. रिया वरून धावत आली, माझ्या गळ्यात पडली. "आजी, यू आर क्रेझी!"

निखिल येऊन फळी पुन्हा वर घेऊन गेला, आणि तिच्यावरून विहीणबाई उतरल्या. उभ्याने. रिया तिकडे पळाली.

आता मिरजेत आहे. साडीच्या काठातून अजून काळे खडे निघतात. चष्मा त्यांनी मागितला नाही, मीही दिला नाही. सांजवात झाली की पाटावर उभी राहून तोल साधते. साठीनंतर कुणी उभ्याने उतरायला शिकलं असेल, तर कसं ते उलट टपाली कळवा. पाकीट माझ्याच नावाने घाला, आणि पुण्यात इतक्यात बोलू नका.