प्रेसशॉपमधली साखर

भोसरीत असा एकही गाळा नसेल, जिथे आमच्या फोरमनकाकांचं एखादं गुपित पोचलेलं नाही. पॉवर प्रेसच्या धाडधाडीत, कानात बोळे न घालता त्यांनी उभी हयात काढली होती. कान गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, अशा दयाळू समजुतीने ते बोलत. एकदा माझ्यासाठी आलेल्या स्थळाची बातमी त्यांनी मला बाजूला घेऊन, तोंडाशी हात धरून, अगदी खाजगीत सांगितली. दुपारपर्यंत शेजारच्या गाळ्यातली माणसं मला मुलीचं शिक्षण विचारत होती. चहाच्या सुट्टीत ते प्रत्येकाच्या कपात डोकावत. स्वतःचा चहा बिनसाखरेचा, कारण त्यांना साखरेचा आजार जुनाच होता. कुणी पेढे वाटले की आपला पेढा ते कपाळाला लावून खिशात ठेवत आणि घरी जाताना वॉचमनला देत. पुढे त्या वॉचमनलाच साखर निघाली, तेव्हा "माझ्याच पेढ्यानं केलं," म्हणत काका दोन दिवस नीट जेवले नाहीत.

वार्षिक मेडिकलचा आमच्याकडे एक रिवाज होता. तारीख लागली की सगळी लाइन तीन दिवस गोड बंद करायची, नाक दाबून कारल्याचा रस प्यायची, आणि सुई टोचून झाली की गेटसमोरच्या टपरीवर जिलेबी. मीही तेच केलं. मी उदगीरकडचा, आठवीतून शाळा सोडलेला, प्रेसवर डाय म्हणजे साचे बसवणारा, कंत्राटावरचा माणूस. आजारी निघालो तर गावाला परत पाठवतील, ही भीती माझ्या पोटात कायमची खोली घेऊन राहिली होती. पण त्या वर्षी डॉक्टरांनी मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी केली, आणि मी सापडलो.

"ती तीन महिन्यांची हजेरी दावती," काका मला, म्हणजे सगळ्या गाळ्याला, म्हणाले. "तू तीनच दिवस कामाला आलास, राव!"

"काका, माझी नोकरी जाईल."

"नोकरीचं मी बघतो. आधी बस हितं."

जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद होते. त्यांच्या साखरेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं काकांनी मला स्वतःच्या भाषेत सांगितलं. "इन्सुलिन म्हंजी हाक मारणारा गडी. पेशीच्या दाराशी जातो, म्हणतो, दार उघड, साखर आत घे. पण रक्तात साखरेचा सदानकदा गोंगाट असला, की आतल्याला हाकच ऐकू येत न्हाई. मी कसा बहिरा झालो, तसंच. मग इन्सुलिन आणखी वरडतं. वरडून वरडून त्याचाबी घसा बसतो. साखर बाहेरच राहती, गोंगाट वाढतो, आतली आणखी बहिरी."

"म्हणजे आजारानं साखर वाढते, आणि त्या साखरेनं पुन्हा आजार?"

"व्हय. आठवी शिकलास, पण डोकं हाय तुला."

मी भीतभीत, पण ओरडूनच विचारलं, "मग माझ्या पेशी आता बहिऱ्याच राहणार?"

काका पहिल्यांदाच हळू बोलले. निदान शेजारच्या गाळ्यात गेलं नसावं. "न्हाई लेका. माझं कान गेलं ते गेलं. तुझं तसं न्हाई. गोळी घे, गोड सोड, चालत जा. गोंगाट कमी झाला की त्यांना परत ऐकू यायला लागतं. समदं न्हाई, पर बरंच."

मग ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "साखर त्याच्या रक्तात हाय साहेब, हातात न्हाई. ह्याच्यासारखी डाय कोण बसवतं दावा!"

मी राहिलो. अजून आहे.

काका आता रिटायर होऊन चाकणच्या पुढे आपल्या गावी असतात. गावाला चारी बाजूंनी कंपन्यांच्या भिंती लागल्यात. मागच्या रविवारी नवा रिपोर्ट घेऊन गेलो. चिंचेखाली खाटेवर बसून त्यांनी आकड्याखालून बोट फिरवलं. "ऐकायला लागल्यात म्हणायच्या!" आणि आनंदाने बिनसाखरेचा चहा मागवला. मला आभार मानायचे होते. पण ते ओरडून मानावे लागले असते, आणि ओरडून तसलं बोलता येत नाही. मी मान वर करून चिंचेकडे कान दिला.

"काय ऐकतोयस रे?"

"तांबट पक्षी, काका!" मी ओरडलो. "वर चिंचेत! टुक टुक चाललंय त्याचं!"

काका कितीतरी वेळ त्या फांद्यांकडे बघत राहिले.

"हाय व्हय अजून?" ते म्हणाले. "मला वाटलं, कंपन्या आल्या तवाच गेला."