फायर ड्रिलला मारिया कुठे होती

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातले किस्से मी फोनवर सांगते तेव्हा आई पुण्याहून म्हणते, "तुम्ही तिथं कामं कधी करता गं?" करतो की. पण सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम एवढीशी, एकाच खोलीत दिवसभर. किस्से साठतातच, सिंकखालच्या सुपरमार्केटच्या पिशव्यांसारखे. त्यातले मारियाचे मात्र मी आईला सांगत नाही.

*

मारिया क्रोएट, व्हुकोवारची. युगोस्लाव्हिया फुटत होता तेव्हा तिच्या गावावर तीन महिने सर्बांच्या तोफा चालल्या. ती घरच्यांबरोबर तळघरात होती. मी आपली मूळचीच घाबरट. स्टेपलर पडला तरी आम्ही दोघी एकदम दचकतो. आमचा मॅनेजर ब्रायन म्हणाला, "तुला सगळ्यांच्या आधी ऐकू येतं," आणि मला फायर वॉर्डन करून टाकलं, म्हणजे सायरन वाजला की सगळ्यांना बाहेर काढून मोजायचं. पिवळं जॅकेट मिळालं, गुडघ्यापर्यंत.

*

मारियाच्या ड्रॉवरमध्ये नुसत्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या.

"अगं, किचनमध्ये नळ आहे ना," मी म्हटलं.

"नळ आमच्याकडेही होता."

*

गाव पडलं तेव्हा वरून कोणीतरी ओरडलं, 'संपलं, बाहेर या, काही होणार नाही.' तिचा मोठा भाऊ सगळ्यांत आधी गेला. बायकांना एका बसमध्ये चढवलं, त्याला दुसऱ्या. तो अजून सापडलेला नाही.

हे तिने माझ्या डब्यातली मेथीची भाजी खाताखाता सांगितलं. मग म्हणाली, "मीठ कमी आहे."

*

मग टीममध्ये ड्रागान आला. सर्ब, पण व्हुकोवारचाच. ब्रायन खूश. "एकाच गावचे? मग शेजारीच बसा की!"

मारियाने त्याला एवढंच विचारलं, "तेव्हा गावात होतास की बाहेर?"

"बाहेर. सैन्यात. वीस वर्षांचा होतो."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. हाताच्या अंतरावर बसून मला सांगायची, "त्याला सांग, लॉगिन चालत नाहीये." तो मला म्हणायचा, "तिला सांग, बघतोय." माझ्या अप्रेझलमध्ये ब्रायनने लिहिलं, 'उत्कृष्ट कम्युनिकेशन.'

एकदा मी धीर करून म्हटलं, "भावाचं विचार ना त्याला. काही माहीत असेल."

"म्हणून तर विचारत नाही," ती म्हणाली.

*

आणि मग ती फायर ड्रिल. सायरन वाजला, सगळे कार पार्कमध्ये. मी डोकी मोजली. मारिया नाही. पुन्हा मोजली, तरी नाही.

"खाली असेल," ड्रागान म्हणाला आणि सरळ आत शिरला. वॉर्डनने आत जायचं नसतं. मी गेले.

बेसमेंटमधल्या स्टोअररूममध्ये, कागदाच्या खोक्यांमागे ती बसली होती. मांडीवर पाण्याची बाटली. तेवढ्यात सायरन थांबला.

"मारिया, संपलं," मी म्हटलं. "बाहेर चल, काही होणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे, दारात उभ्या असलेल्या ड्रागानकडे पाहिलं.

"तू सांग. येऊ बाहेर?"



"नको," तो म्हणाला.