तीच चाल, जागच्या जागी

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी चारकोपला नवरदेवाची मिरवणूक लग्नाच्या हॉलपासून नव्वद पावलांवर थांबली आणि पाऊण तासाहून अधिक काळ हलली नाही. रस्ता मोकळा होता. घोडी धडधाकट होती. पुढे बेंजो वाजवणारे गणू परब हे वधूचे वडील होते.

परब अठरा वर्षं मालाडला माझे शेजारी होते. आता गावी असतात. आठवडाभर ते पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात मशीन चालवत आणि रविवारी स्वतःची बेंजो पार्टी. गाणं चांगलं वाजलं की ते लगेच पुन्हा वाजवत. कोणी हटकलं तर म्हणत, "भात आवाडलो तर परत घेतंस मां? मग गाणा एकदाच कित्याक?"

त्यांचा दुसरा नियम अधिक त्रासाचा होता. गाणं बदललं तरच मिरवणूक पुढे. तेच गाणं परत असेल तर सगळे जागेवर. "अर्धा गाणा हयसर, अर्धा थयसर. आयकतल्यान करूचा काय?" त्यामुळे आमच्या मंडळाचा गणपती दरवर्षी खाडीवर सर्वांत शेवटी पोचे. एका वर्षी कार्यकर्त्यांनी त्यांच्या हातात बावीस गाण्यांची यादी दिली. परबांनी पहिलं गाणं बावीस वेळा वाजवलं. जाब विचारल्यावर म्हणाले, "बावीस सांगलेली, बावीस वाजयली. मोजा."

मुलीच्या लग्नात वाजवू नका, असं त्यांना घरच्यांनी सांगितलं होतं. वधूपित्याने हॉलच्या दारात उभं राहून जावयाला आत घ्यायचं असतं. परब म्हणाले, मिरवणुकीबरोबरच येतो, म्हणजे वेळेवर पोचेन.

मुहूर्त बारा सव्वीसचा होता. अकरा पंचविसाला, स्पेअर पार्टच्या दुकानासमोर, त्यांनी स्वतः बसवलेली नवी चाल सुरू केली. शब्द नव्हते. आधी कोणी ऐकलेली नव्हती. चार मिनिटांनी ती संपली आणि पुन्हा सुरू झाली. चौथ्या वेळी घोडीवाला लगाम सोडून नाचू लागला. सहाव्या वेळी मिरवणुकीला बोलवायला आलेले भटजी कडेला उभे राहून मान डोलावू लागले.

नवव्या वेळी नवरदेवाचे काका पुढे आले. "अहो परब, मुलगी तुमचीच ना? लग्न मोडायचंय का?"

"माझाच चेडू. म्हणान तर वाजयतंय."

"सव्वाबारापर्यंत हललो नाही तर घोडी वळवतो. सरळ नाहूरला, घरी."

"काका, प्लीज," घोडीवरून नवरदेव म्हणाला. परबांनाही तो काकाच म्हणे; कोणाला थांबवत होता, हे स्पष्ट झालं नाही.

बारा अकराला वधू रेश्मा स्वतः हॉलमधून बाहेर आली. शालू, मुंडावळ्या, पायांत कोणाच्या तरी रबरी चपला. बारावी खेप चालू होती.

"पप्पा, वाट लावताय माझी! बंद करा ना!"

"संपता गो, संपता," परब म्हणाले. हात थांबले नाहीत.

ती समोर उभी राहिली. चाल संपेपर्यंत ऐकत राहिली. मग परबांनी गळ्यातला पट्टा सोडवायला घेतला.

"चला, चला," काका म्हणाले.

"परत," रेश्मा म्हणाली.

"अगं ए मुली!"

"काका, एकदाच. पप्पा, परत."

परबांनी पट्टा पुन्हा गळ्यात घातला. चाल तीच होती. दुसऱ्याच सुराला त्यांनी पाऊल उचललं आणि वाजवत चालू लागले. ताशेवाला मागेच राहिला होता. त्याला धावावं लागलं. रेश्मा वडिलांच्या बाजूने चालत होती.

बारा अठराला चाल हॉलच्या दारात संपली. परबांनी बेंजो जमिनीवर ठेवला, हात धुतले आणि जावयाला आत घेतलं. अंतरपाट बारा चोवीसला धरला.