तिला काही खायला द्या

बडोद्याच्या अकोटा भागातल्या एका जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर, मृदुलाबाई दफ्तरदार राहतात. सकाळी अंघोळ, गणपतीला जास्वंद, तोंडाने स्तोत्र आणि मग चहाचा कप घेऊन ग्रीक शुभवर्तमानापुढे बसायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा क्रम. शेजारच्या इंदिराबाईंना हे कोडं कधी सुटलं नाही. "देव्हाऱ्यात गणपती आणि टेबलावर येशू! मृदुला, एक दिवस दोघंही तुला ओळख देणार नाहीत हो," असं त्या भाजी निवडता निवडता म्हणतात. बाई हसून सोडून देतात.

बाईंचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, वडील संस्कृतचे शिक्षक, आणि बाईंनी स्वतः कॉलेजात जन्मभर संस्कृतच शिकवलं. तरुणपणी फतेगंजातले एक म्हातारे फादर त्यांच्याकडे संस्कृत शिकायला येत. बदल्यात काय देऊ म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "ग्रीक शिकवा." फादर केव्हाच गेले, ग्रीक मात्र बाईंच्या घरात राहिलं. पुढे त्या भाषेचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तसं ते कुणी विचारलंही नव्हतं.

मग एक दिवस लक्ष्मणभाई राठवा दारात उभा राहिला. कोयलीच्या रिफायनरीत फिटर, रविवारी आपल्या लोकांत प्रार्थना चालवणारा, मूळचा छोटाउदेपूरकडचा. चारांतलं सगळ्यांत लहान शुभवर्तमान त्याला आपल्या राठवी बोलीत हवं होतं, आणि तेही थेट ग्रीकवरून. "गुजरातीवरून केलं तर ते गुजरातीच राहतं, बेन. नुसते कपडे आमचे," तो म्हणाला. बाईंना हा माणूस तिथल्या तिथे आवडला.

कामाची रीत ठरली. बाई ग्रीक वाचून एकेक वाक्य सोप्या गुजरातीत लिहीत. लक्ष्मणभाई त्याचं राठवी करी. मग ते राठवी, ज्यानं ही कथा जन्मात ऐकलेली नाही अशा माणसाला वाचून दाखवायचं आणि त्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. तो जिथे अडखळेल तिथे भाषांतर कच्चं. ऐकणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, सुधारायचं नाही, हा नियम लक्ष्मणभाईनं घातला होता आणि तो बाईंना मुळीच जमत नसे. हाडाची मास्तरीण! समोरचा चुकला की त्यांची जीभ आधी वळवळे. मग लक्ष्मणभाई नुसता घसा खाकरी आणि बाई ओशाळून गप्प बसत.

सातवा अध्याय झाला, नववा झाला, मागेपुढे करत बाकीचेही झाले. पाचवा तेवढा राहिला. "तो जरा किचकट आहे, शेवटी करू," बाई दर वेळी म्हणत. किचकट वगैरे काही नव्हता. त्यात एका मोठ्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मरते. येशू तिच्या आईबापांना बरोबर घेऊन आत जातो, तिचा हात धरतो आणि म्हणतो, पोरी, ऊठ. ते दोन शब्द ग्रीक लिहिणाऱ्यानं ग्रीकमध्ये आणलेच नाहीत. येशूच्या तोंडच्या बोलीत जसे होते तसेच ठेवले आणि अर्थ पुढे दिला. फादरांनी हे शिकवलं तेव्हा बाईंना त्या लिहिणाऱ्याचं फार कौतुक वाटलं होतं. तेव्हा इरा जन्मायची होती.

इरा त्यांची एकुलती एक मुलगी. बारावं वर्ष तिनं पुरं केलं नाही. पोटात दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, सकाळी ऑपरेशन ठरलं. तोवर पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टर बजावून गेले. इरा म्हणत राहिली, "आई, चमचाभर मेतकूट-भात दे ना. फक्त चमचाभर." बाई म्हणाल्या, "उद्या, राणी. उद्या वाटीभर देईन." ती ऑपरेशनपर्यंत पोचलीच नाही. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, बाईंचंही नव्हतं, हे त्यांना शंभर जणांनी सांगितलं आणि त्यांना ते पटलंही होतं. पटून काही उपयोग झाला नाही. त्या घरात मेतकूट पुन्हा आलं नाही.

शेवटी या पावसाळ्यानंतर बाईंनी पाचवा अध्याय लिहून लक्ष्मणभाईच्या हाती दिला. आणि एका दुपारी तो आपल्या फोईला घेऊन आला. फोई म्हणजे आत्या, रेवलीबेन. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाकडून बडोद्याला आलेल्या, डोळ्यांना काळा चष्मा. गावच्या देवांपलीकडे त्यांनी काही ऐकलेलं नव्हतं, म्हणजे रीतीप्रमाणे ऐकणारी अगदी योग्य. लक्ष्मणभाई वाचत होता. बाईंना राठवी थोडं थोडं कळू लागलं होतं. मुलगी उठून चालू लागली, लोक थक्क झाले, कुणाला सांगू नका असं त्यानं बजावलं. वाचन संपलं.

रेवलीबेन पुढचं ऐकायला कान देऊन बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "पछी?"

"बस, एवढंच," लक्ष्मणभाई म्हणाला.

रेवलीबेन आपल्या बोलीत भराभर काहीतरी म्हणाल्या. लक्ष्मणभाई हसला आणि बाईंना म्हणाला, "फोई विचारतात, पोरगी एवढी आजारातून उठली, तिला कुणी खायला दिलं की नाही? अशी कशी माणसं ही?"

बाईंनी पाचव्या अध्यायाचा कागद पुढे ओढला.

"बेन, एक वात पूछूं?" लक्ष्मणभाई पुढे म्हणाला. "आमच्या गुजराती बायबलात शेवटी तसं आहे. तिला काही खायला द्या, असं तो सांगतो. तुमच्या कागदात नव्हतं. मला वाटलं, नवव्या अध्यायातल्या त्या दोन ओळींसारखंच असेल. सगळ्यांत जुन्या पोथ्यांत नाहीत म्हणून तुम्ही गाळायला लावल्या होत्या ना? म्हणून मी विचारलं नाही."

त्यानं विश्वास ठेवला होता. आणि आता फक्त "हो, नाही जुन्या पोथ्यांत" एवढं म्हटलं की प्रश्न मिटत होता. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला ग्रीक येत नव्हतं. राठवी वाचणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना ती मुलगी उपाशीच उभी दिसली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर होतं. आपण ती ओळ गाळली हे त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं, आणि का गाळली तेही. त्यांना स्वतःची भीती वाटली.

त्यांनी ग्रीक पुस्तक उघडलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. 

"आहे, लक्ष्मणभाई. प्रत्येक जुन्या पोथीत आहे. मी गाळली."

"राहून गेली असेल, बेन. होतं असं."

"राहून नाही गेली." आणि मग बाईंनी इराचं सांगितलं. चमचाभर भाताचंही सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, आणि माधवराव जाऊनही बरीच वर्षं झाली होती. लक्ष्मणभाई खाली मान घालून ऐकत होता. रेवलीबेनना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी चष्मा काढला नाही, पण चाचपडत बाईंचा हात शोधला आणि धरून ठेवला.

ती ओळ लक्ष्मणभाईनं तिथेच बसून राठवीत केली. सगळी कथा पहिल्यापासून पुन्हा वाचली. मग रेवलीबेननी ती आपल्या शब्दांत परत सांगितली आणि तो बाईंसाठी हळू आवाजात गुजराती करत गेला. मोठा माणूस, त्याची मुलगी, रडणारी माणसं, धरलेला हात, सगळं नीट आलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मग तो म्हणाला, हिला खायला द्या. आणि आईनं मक्याची राब केली, गार केली आणि पोरीला आपल्या हातानं भरवली."

लक्ष्मणभाई थांबला. राब म्हणजे पेज; ती मुळात नव्हती, आईनं भरवलं असंही नव्हतं. कुणी दिलं, काय दिलं, हे ग्रीक लिहिणारा सांगतच नाही. घसा खाकरायच्या तयारीनं तो बाईंकडे पाहत राहिला.

बाईंनी चूक काढली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"फोईंना विचार," त्या म्हणाल्या, "पोरगी पोटभर जेवली का."