हिरव्या दिव्यांच्या खोलीतल्या बागूल मॅडम

बागूल मॅडमचा हिरव्या दिव्यावर विश्वास नव्हता. नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात पेशंटचे सगळे स्कॅन ज्या कपाटात साठवले जातात, त्यात चोवीस डिस्क होत्या आणि प्रत्येकीवर एक दिवा. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी मी ते सगळे हिरवे बघून म्हणाले, "मॅडम, सगळं ठीक आहे."

"दिवा काय गं, मरायच्या आदल्या दिवशीपण हिरवाच असतो. आत काय चाललंय ते वाच."

मग त्या स्क्रीनवर एकेक डिस्क उघडायच्या आणि तिचं तापमान, ती किती तास चालली, तिच्यावरची किती जागा खराब झाली हे वहीत हाताने लिहायच्या. सिस्टिम हे आपोआप नोंदवते, असं मी भीतभीत सुचवलं. "नोंदवते. पण काळजी करत नाय," त्या म्हणाल्या. एक डिस्क गेली तर बाकीच्या सांभाळून घेतात. दोन एकदम गेल्या तर स्कॅन गेले. त्यामुळे त्यांना रजा घेता येत नसे.

खोलीला खिडकी नव्हती, मशीन थंड ठेवायला एसी मात्र सतत चालू. भर मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून डबा खायचो. डबा उघडायच्या आधी त्या सटाण्याला आईला फोन करायच्या. आई एकटी, दिसणं जवळजवळ गेलेलं. "येस व माय, पुढला आठवडामा येस," पुढच्या आठवड्यात येते, हे अहिराणीतलं आश्वासन मी रोज ऐकलं. त्यांनी तीनदा राजीनामा दिला होता. विभागाचे साहेब दरवेळी म्हणायचे, "तुमच्या जागी माणूस तयार करा आणि खुशाल जा." तयार झालेला माणूस पुण्याला निघून जायचा.

सहाव्या आठवड्यात वही लिहिताना मला अकरा नंबरची डिस्क वेगळी वाटली. दिवा हिरवा, पण काल खराब जागा चार होत्या, आज एकतीस. मी दोनदा मोजलं, मग सांगितलं. मॅडमनी लगेच ती बदलली. नवीन डिस्कवर सगळी माहिती पुन्हा भरायला संध्याकाळ झाली, तोवर त्या कपाटासमोरून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी म्हणाले, "मॅडम, मला आता जमेल. तुम्ही सुटाल."

"तुझं शेवटचं वर्ष राहिलंय ना?"

"बाहेरून करीन."

"मीपण तेच म्हटलं होतं. चार महिन्यांसाठी ठेवलं होतं मला, सेकंड इयरला होते." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "अकरा वर्षं झाली. डिग्री अजून व्हायचीच हाय."

कळवणजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. नोकरी मिळते म्हटलं असतं, तर बाबांनी लगेच हो म्हटलं असतं.

त्या दुपारी साहेब आले. "बागूल, ऐकलं ते खरं का? डिस्क हिनं पकडली? मग झालं की तुमचं काम! हिलाच ठेवू."

"लाल दिवा होता साहेब. कुणालाही दिसला असता. हिला अजून काय येत नाय."

साहेब माझ्याकडे वळले. "असं आहे का गं?"

मॅडम वहीत लिहीत होत्या, मान वर न करता. 'नाही, मला येतं' एवढंच म्हणायचं होतं. सटाण्याच्या आजी, मॅडमच्या आई, मला डोळ्यांसमोर दिसत होत्या, तरीही मी म्हणाले, "हो सर. लाल होता."

पुढच्या वर्षी मी पास झाले. पेढे घेऊन त्या खोलीत गेले, तर मॅडम स्वेटर घालून तिथेच. पेढा तोंडात टाकून त्यांनी माझा निकाल आधी मोबाइलवर वाचला, मग माझी गुणपत्रिका हातात घेऊन पुन्हा वाचला. डोळे पुसले. मी आजींचं विचारणार होते, तेवढ्यात बाहेर साहेबांचा आवाज आला.

"जा तू," मॅडम म्हणाल्या आणि मला मागच्या दाराकडे ढकललं. "ते यायच्या आत जा."