वरूनच बंद आहे

हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोला, सुमनला, नाही; पोराला नाही; तिलवाऱ्याच्या घाटावर तिच्या अस्थी सोडताना नर्मदामाईलाही नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. मी सातवी नापास माणूस, जन्मभर तोफांच्या फॅक्टरीत फिटर. लिहिणं वाकडंतिकडं होईल. खोटं होणार नाही — खोटं जेवढं बोलायचं होतं, तेवढं बोलून झालं.

आधी राग सांगतो. राग खरा आहे.

आमचा विनय, एकुलता एक, रशियात इंजिनियर. तिकडं लढाई लागली आणि त्याचं बँकेचं कार्ड बेकार झालं. पगार घामाचा होता, चोरीचा नव्हता! पण ज्या तारांवरून जगाचा पैसा फिरतो त्या तारा भलत्याच देशांच्या हातात. त्यांनी खटका पाडला. आईच्या औषधाला तो पाठवायचा, ते अडकलं. चलो, माझी पेन्शन होती, भागलं. मग गेल्या श्रावणात तिकडच्याच सरकारनं फोनचं ते ॲप अडवलं, ज्यावर सुमन दर रविवारी त्याचं तोंड पाहायची. एकानं पैसा कापला, दुसऱ्यानं आवाज कापला. लढाई कोणाची, आणि लागलं कोणाला? दीक्षितपुऱ्यातल्या एका बाईला, जिला नकाशावर रशिया दाखवता आला नसता.

मला वाटायचं, ताकद म्हणजे लोखंड. तोफ. मूर्ख होतो. एकदा फॅक्टरीतल्या परदेशी मशीनचा एवढासा पार्ट तिकडच्या कंपनीनं अडकवून धरला, तर ते धूड महिनाभर ताडपत्रीखाली पडून. मशीन आपलं, जागा आपली, आणि मोठे मोठे साहेब चिठ्ठ्या लिहीत बसलेले. तेव्हाच समजायला पाहिजे होतं — खटका ज्याच्या हातात, मालक तोच.

खटक्यावरून आठवलं. आमच्याकडं एक रीत होती. मशीनमध्ये हात घालायच्या आधी फिटरनं मेन स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, 'काम चालू आहे' अशी पाटी टांगायची आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचं नाही. साहेबानं पण नाही. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. कोणाचा हात तुटू नये म्हणून ती रीत. मी ती कशाला वापरली — सांगतो. सांगायचंच आहे. थोडं थांबा.

ॲप बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी विनयचा मेसेज आला. दुसरं एक ॲप चालते म्हणे. मी कमानिया गेटजवळच्या मोबाइलवाल्याकडून ते टाकून घेतलं आणि तिथंच स्टुलावर बसून फोन लावला. लागला! पोराचं तोंड दिसलं. दाढी वाढलेली. मला वाटलं, आता असंच उठावं आणि घरी जाऊन फोन सुमनच्या हातात द्यावा.

तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा, मी इथल्याच नागरिकत्वाचे कागद घेऊन राहिलो. आता परत येणं नाही होत."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. मोबाइलवाला म्हणाला, "दादाजी, आराम से, फोन की गलती नहीं है." विनय म्हणत होता, आईला द्या, मी आईला समजावतो. आणि मी म्हटलं, "तुझी आई तुझं तोंड पाहायला तयार नाही."

ती घरी भाजी निवडून राहिली होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

दारातच तिनं विचारलं, "लागला का हो?"

मी म्हटलं, "नाही. वरूनच बंद आहे."

झालं. एवढंच वाक्य. त्याला लाज नाही लागत, ताकद नाही लागत. फोन माझ्या खिशात, सुमनला तो चालवता येत नव्हता. दोन्हीकडची तार माझ्या हातात; कुलूप माझं, किल्ली माझ्याच खिशात. आठ दिवस पोराची जिरवावी, असं मनात होतं. मग आठाचे पंधरा झाले. मग सांगणार कसं? हे कारण म्हणून सांगत नाही. कारण नाहीच.

दर रविवारी ती वेणी घालायची, इस्त्रीची साडी नेसायची, स्टीलच्या डब्याला फोन टेकवून समोर बसायची. मी मुद्दाम जुनंच ॲप दाबायचो. ते नुसतं गोल गोल घुमत राहायचं. ती मला टोमणे मारायची, "एवढे मोठे फिटर तुम्ही, एक तार जोडता येत नाही?" हसायची वर. एकदा हसली नाही. म्हणाली, "काहून करतात हो हे लोक असं? एवढ्या मोठ्या देशांचं माझ्या एका फोनानं काय बिघडते?"

मी त्या देशांना शिव्या दिल्या. तिच्यासमोर, जोरात. अजून देतो. पण त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. मी पाहत होतो.

विनय नव्या ॲपवर तिच्यासाठी आवाज भरून पाठवायचा. दर रविवारी एक. मी एकही ऐकवला नाही. संक्रांतीला तिनं तिळाच्या वड्या केल्या, त्याच्या नावाचा डबा वेगळा काढून ठेवला — लाइन सुरू झाली की निदान दाखवीन म्हणे. चौथ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता गेली. गॅस मी बंद केला.

विनयला मीच कळवलं. त्याच ॲपवर. फोन एका झटक्यात लागला. त्यानं विचारलं, "आईचा राग गेला होता का, बाबा?" मी अस्थी कधी सोडणार ते सांगितलं. त्यानं जे समजायचं ते समजून घेतलं. मी समजू दिलं.

आता तो दर रविवारी फोन करते. मेलेल्या आईची माफी माझ्याकडं मागते — जिनं त्याच्यावर कधी राग धरलाच नाही. वड्यांचा डबा तिनं ठेवला तिथंच आहे.

उद्या रविवार. फोन आला की तो डबा त्याला दाखवीन आणि हे सगळं सांगीन. त्यानंतर त्यानं माझी लाइन कापली, तर ते कुलूप त्याचं. मी त्याला हात लावणार नाही.