काट्यावरची रांग पळाली

लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले आकाराम मोहिते कडेगावकडच्या एका साखर कारखान्यात संगणक विभाग सांभाळायला लागले, तेव्हा गावात कुणाचा विश्वास बसेना. माणूस धिप्पाड, मिशा भरघोस, आणि हसला की पलीकडच्या शिवारात ऐकू जायचं. पण सारी उमर वायरलेस संचांशी झटण्यात गेलेली, त्यामुळं यंत्राची भीती म्हणून नाही. कारखान्यानं स्वतःचा सर्व्हर घेतला, त्याला थंड खोली दिली, तर हे रोज सकाळी वरातीच्या घोड्यासारखं त्याला पुसून काढायचे. जोडीला सांगलीची तरुण इंजिनिअर संयोगिता. ती आधी पुस्तक वाचायची, हे आधी हात घालायचे. तरी दोघांचं छान जमायचं.

सत्त्याण्णवचा हंगाम सुरू झाला आणि वजनकाट्यावर रांग तुंबली. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की पडद्यावर सभासदाचं नाव यायचं, मग वजन नोंदून पावती निघायची. ते नाव उमटेपर्यंत ड्रायव्हर खाली उतरून, तंबाखू मळून, गप्पा हाणून परत वर चढायचा. रांग पार डांबरी रस्त्याला भिडली. कुणी ट्रॉलीच्या सावलीत ताणून दिली, कुणी पत्ते काढले, आप्पासो ड्रायव्हरनं तर तीन दगड मांडून कालवणच शिजायला ठेवलं.

पुण्याहून जादा मेमरी मागवली. आकारामांनी ती स्वतःच्या हातानं सर्व्हरमध्ये बसवली. फरक काडीचा नाही.

"मेमरी वाढली, पण सभासदांची नावं सांभाळणाऱ्या डेटाबेसला कुणी सांगितलंच नाही," संयोगिता पुस्तकातून मान वर काढत म्हणाली. "त्याच्या वाट्याला अजून जुनाच तुकडा आहे. त्यात सगळी नावं मावत नाहीत, म्हणून तो दर वेळी डिस्क धुंडाळत बसतो."

"मग दिऊ की समदी. गड्याला उपाशी का ठेवायचा?"

"समदी नको, साहेब. मशीनला स्वतःलाही थोडी..."

तोवर आकारामांनी सगळ्या मेमरीचा आकडा टाकून डेटाबेस पुन्हा चालूही केला होता. झालं. मशीनला स्वतःपुरतीही जागा उरेना. ते आपलंच सामान डिस्कवर टाकायला आणि परत उचलायला लागलं. डिस्कची नुसती खडखड, आणि काटा ठप्प. बाहेर हॉर्नचा कल्लोळ उठला.

आकारामांनी कपाळावर हात मारला आणि स्वतःलाच हसत खुर्ची सोडली. "बस पोरी. तूच बस हितं."

संयोगितानं निम्म्याहून थोडी जास्त मेमरी डेटाबेसला दिली, बाकीची मशीनला ठेवली. सुरुवातीच्या गाड्या रडतखडतच गेल्या, कारण नावं अजून डिस्कवरूनच येत होती. पण एकदाची ती मेमरीत येऊन बसली, आणि डिस्क गप्प झाली. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबायच्या आत नाव पडद्यावर हजर. काट्यावरच्या सयाजीचा फोन आला, "सायेब, जरा दमानं घ्या. पावती फाडायला माजा हात पुरंना."

आकाराम बाहेर धावले. रांग पळत होती. झोपलेले डोळे चोळत स्टेअरिंगवर बसत होते. पत्तेवाले हातातला डाव खिशात कोंबून पळाले. आप्पासो रटरटत्या कालवणाचं पातेलं फडक्यात धरून सीटवर चढला, आणि पुढं सरकणाऱ्या प्रत्येक हातभर वाटेला रस्सा सांडत, शिव्या देत, हसत काट्यावर पोचला. आकाराम टॉवेल फिरवत रांगेच्या बाजूनं पळत होते, "चला, चला, फुडं व्हा." ऑफिसच्या पायरीवर येऊन बसलेल्या संयोगिताच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

संध्याकाळी आकाराम गुणगुणतच घरात शिरले. बायकोनं, बनुबाईनं, भाकरी थापायची थांबवली.

"आवं, आज कुटं बसून आलासा?"

"कुटं न्हाई. मेमरी वाटून आलो."

तिनं जवळ येऊन तोंडाचा वास घेतला. दारूचा वास नव्हता, तशी ती जास्तच घाबरली. मग त्यांनी चुलीपाशी बैठक मारून सांगितलं, की मीठमिरची हाताशी असली की कोठीघरात पळावं लागत न्हाई, तसं हे.

"मग समदं कोठीघरच चुलीपाशी आणलं तर मी बसू कुटं?"

"त्येच केलं हुतं मी आदी," आकाराम म्हणाले, आणि दोघं अशी हसायला लागली, की तव्यावरची भाकरी करपली.